दोनशे सहा किलोमीटर, पन्नास मिनिटं

आमच्या विमानतळावर फोन वाजला की पलीकडचा माणूस दोनच गोष्टी विचारायचा. गाव किती लांब आहे आणि जायला किती वेळ लागतो. पहिल्याचं उत्तर भावोजी एका दमात देत, "दोनशे सहा किलोमीटर." दुसऱ्या प्रश्नाला मात्र ते थांबत. खिडकीतून मान बाहेर काढून वारा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे बघत आणि मग म्हणत, "तशी पन्नास मिनिटं. पण आज वारा समोरून आहे, तेव्हा पासष्ट धरून चला." विचारणाऱ्याला बहुतेक वेळा पुढच्या महिन्यात जायचं असे.

विमानतळ हा आपला म्हणायला. एक धावपट्टी आणि पत्र्याची एक लांबट इमारत. आत बारा खुर्च्या, एक काउंटर, एक वजनकाटा आणि कोपऱ्यात माझं कॅन्टीन. मंगळवारी आणि शुक्रवारी नऊ माणसांचं विमान यायचं आणि डोंगरापलीकडच्या तशाच एका गावी, तशाच एका पत्र्याच्या इमारतीपाशी जाऊन उतरायचं. रस्त्याने तेच गाव पाचशे चाळीस किलोमीटर. अख्ख्या डोंगराला वळसा, मध्ये नदी तराफ्यावरून ओलांडायची, तराफेवाला जेवायला गेला असेल तर त्याचं जेवण होईपर्यंत काठावर बसायचं. बारा-तेरा तास कुठे गेले नाहीत.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आई गेल्यावर ताईने मला वाढवलं, आणि ताई लग्न होऊन गेली तेव्हा आहेरासारखा मीही तिच्याबरोबर गेलो. भावोजींनी कधी कपाळाला आठी घातली नाही. पुढे कॅन्टीनसाठी माणूस हवा होता तेव्हा विमानतळाच्या साहेबांपाशी शब्दही त्यांनीच टाकला. "माझा मेहुणा आहे, बडबड्या आहे, पण हात चोख आहे," असं ते म्हणाले होते. ते दोन्ही बाबतींत चुकले नव्हते, निदान तेव्हा तरी.

एवढ्याशा विमानात बसायचं तर सामानाबरोबर माणसाचंही वजन करावं लागतं. नव्या माणसाला, त्यातून बाईमाणसाला, हे ऐकून घाम फुटायचा. चारचौघांत काट्यावर उभं राहायचं म्हणजे काय! भावोजींनी त्यावर तोड काढली होती. काट्याची तबकडी त्यांनी काउंटरच्या आतल्या बाजूला वळवून घेतली होती. हातातली पिशवी घेऊन माणूस फळीवर चढला की ते वाकून काटा बघत आणि तळहाताच्या आडोशाने कागदावर आकडा लिहीत. तो आकडा पायलटशिवाय कोणाला कळत नसे. ताईने शेजारणीचं वजन काढून घ्यायचा वर्षानुवर्षं प्रयत्न केला. लाडीगोडी झाली, अबोला झाला. भावोजींनी दाद दिली नाही. अख्ख्या गावाचं वजन त्या माणसाच्या पोटात होतं आणि कधी एक किलोसुद्धा बाहेर सांडलं नाही.

मागून ते बेरीज करत. त्यामागचं गणित त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं होतं की मी चहा गाळता गाळता म्हणून दाखवायचो. वारा समोरून आला की पन्नासाची पासष्ट मिनिटं होतात. मिनिटं वाढली की इंधन जास्त भरावं लागतं. इंधन वाढलं की तेवढं वजन माणसांतून आणि सामानातून कमी करायचं. आधी पेट्या खाली राहायच्या. तरी जमलं नाही तर एक माणूस राहायचा, ज्याने तिकीट सगळ्यात शेवटी काढलं असेल तो. पायलट काउंटरवरच्या कागदाखेरीज कोणाचं ऐकत नसे.

आता माझ्याबद्दल. मला थट्टा केल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. भावोजींसारखा गंभीर माणूस घरात आणि कामावर चोवीस तास समोर असल्यावर तर माझी चंगळच होती. माझी एक खोड होती. माणूस काट्यावर उभा असला की चहाचे कप गोळा करायच्या निमित्ताने मी मागून जायचो आणि फळीच्या कडेवर हळूच पाय टेकवायचो. दोन किलो, चार किलो. भावोजींची उजवी भुवई वर चढायची. ते चष्मा पुसायचे आणि पुन्हा वाकायचे, तोवर माझा पाय निघालेला असायचा. कधीकधी त्यांच्या लक्षात यायचं. मग ते नुसतं म्हणायचे, "मेहुणे, कप उचला." पायलटच्या हाती कागद जाईपर्यंत आकडा दुरुस्त झालेला असायचा, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. शरम वाटायला आधी अक्कल असावी लागते.

त्या मंगळवारी वारा समोरून होता, तोही जोराचा. भावोजींनी सकाळीच फळ्यावर खडूने 'आज ६५ मिनिटे' लिहून ठेवलं होतं. पेट्या आधीच बाजूला काढल्या होत्या. आठ माणसांची वजनं झाली आणि नवव्या जागेसाठी एक बाई धापा टाकत आल्या. शाळेत मुलींना शिवण शिकवायच्या त्या बाई. सकाळीच फोन आला होता म्हणून तिकीट अगदी शेवटच्या क्षणी काढलेलं. त्यांची थोरली बहीण पलीकडच्या गावी दवाखान्यात होती. "अजून बोलतेय," बाई भावोजींना म्हणाल्या. "सारखी मला बोलावतेय म्हणे. आज गेले तर भेट होईल."

हे मी ऐकलं नाही. मी कपबश्या विसळत होतो. मी पाहिलं ते एवढंच की काडीसारखी एक बाई फुगलेली पिशवी घेऊन काट्यावर उभी आहे आणि भावोजी वाकले आहेत. मी मागून गेलो. दोन किलोंत आता मजा राहिली नव्हती, म्हणून जरा भार देऊन पाय टेकवला.

भुवई वर चढली. भावोजींनी चष्मा काढून पुसायला हवा होता, पण तेवढ्यात बाहेरून पायलटने काचेवर टकटक केली. वारा वाढत होता, त्याला निघायची घाई होती. भावोजींनी बाईंच्या पिशवीकडे एकदा पाहिलं आणि आकडा लिहून टाकला.

बेरीज आठ किलोंनी जास्त भरली.

मी काउंटरपाशीच होतो. कागद मला उलटा दिसत होता, पण इतक्या वर्षांत उलटे आकडे वाचायची सवय झाली होती. शेवटच्या ओळीत एकोणसत्तर लिहिलं होतं. ती बाई पिशवीसकट एकोणसत्तर किलो असेल तर मी हत्ती होतो. माझा पाय निदान दहा-अकरा किलोंचा पडला होता, आणि वजन जास्त होत होतं फक्त आठ किलो.

भावोजी उठून खुर्च्यांपुढे उभे राहिले. "कोणी शुक्रवारी जाईल का? या बाईंची बहीण दवाखान्यात आहे, त्यांना आज पोचायलाच हवं." कोणी खिडकीबाहेर बघायला लागलं, कोणी पायाशी. एकाने घड्याळ पाहिलं. भावोजींनी पुन्हा विचारलं. त्या माणसाला कोणापुढे हात जोडताना मी कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. बाईंचं कारण तेव्हा कळलं मला. तिथे, त्या वेळी, सगळ्यांबरोबर.

तोंड उघडायला मला भरपूर वेळ होता. नुसतं म्हणायचं होतं, "भावोजी, बाईंचं वजन पुन्हा करा." माझं नाव न घेताही म्हणता आलं असतं. पण साहेब दारात उभे होते. काट्याशी खेळ केला म्हणून कॅन्टीन जाईल, हे पहिल्यांदा मनात आलं. भावोजींची सगळ्यांदेखत शोभा होईल, हे नंतर आलं, आणि ते मी पुढे करून पहिलं झाकलं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो की मी भावोजींची अब्रू वाचवायला गप्प बसलो. खरं तर माझी दातखीळ बसली होती आणि कारण माझं मला ठाऊक होतं.

आठ माणसं घेऊन विमान उडालं. बाईंनी ते खिडकीतून पाहिलं आणि भावोजींना विचारलं, "आता रस्त्याने किती लांब?" एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच भावोजींना आकडा सांगणं जड गेलं. त्यांनीच धावपळ करून साहेबांची जीप मिळवून दिली. मी बाईंना पाण्याची बाटली भरून दिली. त्यांनी माझे आभार मानले.

दोन आठवड्यांनी बाई परत आल्या, विमानानेच. उतरून सरळ काउंटरशी आल्या. "तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी फार धडपडलात," त्या भावोजींना म्हणाल्या. "म्हटलं सांगावं. मी मध्यरात्र उलटल्यावर पोचले. ताई होती, पण बोलणं बंद झालं होतं. संध्याकाळी सहापर्यंत बोलत होती म्हणे. चार दिवस हात धरून बसले. तिला कळलं की नाही, कोण जाणे."

भावोजींची नजर बाईंच्या हातातल्या पिशवीवर होती. तीच पिशवी, तशीच फुगलेली. "बाई, जरा काट्यावर उभ्या राहता का?" त्यांनी विचारलं. बाई उभ्या राहिल्या. मी माझ्या जागेवरून हललो नाही. भावोजी वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा ओल्या फडक्यासारखा झाला होता.

"अठ्ठावन्न," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणाचं वजन मोठ्याने सांगितलं. बाईंना त्याचा अर्थ कळला नाही. त्या नमस्कार करून निघून गेल्या.

त्या दिवसापासून भावोजी बदलले. आधी त्यांनी काटा तपासला. इमारतीमागच्या सामानाच्या कोठीतली लोखंडी वजनं आणून एकेक करून ठेवली. काटा एका किलोनेही चुकत नव्हता. काटा बरोबर म्हणजे चूक डोळ्यांची, असा त्यांनी हिशेब केला आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, नजर ठणठणीत आहे. मग त्यांना राहिलं एकच कारण, आपण बेफिकीर आहोत. ते ऐकायला फार वाईट वाटायचं. ज्या माणसाने उभ्या जन्मात चहात साखर अंदाजाने घातली नाही, तो जेवताना मध्येच थांबून म्हणायचा, "अठ्ठावन्नाचे एकोणसत्तर कसे लिहिले असतील मी?" ताई म्हणायची, "होतं हो माणसाच्या हातून." मी ताटातला घास चिवडत बसायचो.

शेवटी त्यांनी ठरवलं की बाईंना जाऊन सांगायचं. ताई म्हणाली, "एकटे जाऊ नका, याला घेऊन जा." म्हणून मी गेलो. शाळेच्या मागे दोन खोल्यांचं घर. खिडकीशी शिवणयंत्र, त्याच्यावर अर्धवट शिवलेला मुलीचा फ्रॉक. बाईंनी आम्हाला पलंगावर बसवलं आणि स्वतः यंत्राच्या स्टुलावर बसल्या. भावोजी हात मांडीवर ठेवून बोलले, शाळेतल्या मुलाने पाठ केलेलं म्हणावं तसे.

"त्या दिवशी वजन चुकीचं लिहिलं गेलं. माझ्या हातून. तुम्ही त्या विमानात असायला हव्या होतात. जागा होती."

बाई फ्रॉकची किनार बोटांनी सरळ करत राहिल्या. मी त्या बोटांकडे बघत होतो. आत्ता बोललो नाही तर आपण माणूस म्हणायच्या लायकीचे नाही, हे मला स्वच्छ कळत होतं. तोंडाशी आलेले शब्द मी गिळले. खोटं कशाला सांगू, फारसा त्रासही झाला नाही गिळायला.

"मला हे सांगायला नको होतं हो तुम्ही," बाई शेवटी म्हणाल्या. आवाज चढला नाही. "इतके दिवस मला वाटत होतं, वारा होता."

घरी परतल्यावर दाराशी चपला काढताना भावोजी म्हणाले, "तू सोबत होतास म्हणून धीर झाला."

त्यानंतर ते प्रत्येकाचं वजन दोनदा करू लागले, मग तीनदा. विमान खोळंबायला लागलं. लोक म्हणायचे, पन्नास मिनिटांचा प्रवास आणि तासाभराचं वजन. पायलट कुरकुरायचा. फोन वाजला तर भावोजी उचलेनासे झाले. उचललाच तर किलोमीटर सांगताना अडखळायचे, फळ्यावर लिहिलेलं बघून वाचून दाखवायचे. वर्षभराने त्यांनी स्वतः अर्ज करून कोठीत बदली मागून घेतली. काउंटरवर नवा माणूस आला. घरी औषधाच्या बाटलीवरचं ते ताईला वाचायला लावायचे, गॅसच्या पुस्तकातले आकडे मला. "एकदा बघ रे, माझा भरवसा नाही," म्हणायचे. मी बघायचो. त्यांचं प्रत्येक वेळी बरोबर असायचं. मी तसं सांगितलं की त्यांना वाटायचं मी त्यांचं मन राखतोय.

मी थट्टा सोडली असं कोणाला वाटेल, पण नाही. मी पूर्वीसारखाच बडबडत राहिलो, गिऱ्हाइकांना हसवत राहिलो. गप्प झालो असतो तर कोणीतरी कारण विचारलं असतं. फक्त काट्याच्या बाजूने कप उचलायला मी पुन्हा गेलो नाही.

अशी सहा वर्षं गेली. भावोजी निवृत्त झाले. निरोपाला साहेबांनी भाषण केलं, त्यात म्हणाले, "यांनी स्वतःची चूक स्वतः जाऊन कबूल केली, असा प्रामाणिक माणूस विरळा." टाळ्या झाल्या. भावोजींनी मान खाली घातली. मीही टाळ्या वाजवल्या, आणि माझ्याच हातांचा आवाज मला ऐकवेना. त्या रविवारी दुपारी मी घरीच होतो. भावोजी पडवीत मटार सोलत बसले होते. मी समोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. कपबश्या, फळीची कड, पाय, उलटा वाचलेला आकडा, सगळं. साहेब दारात होते म्हणून गप्प बसलो हेही सांगितलं. ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

भावोजींनी हातातली शेंग पूर्ण सोलली. मग माझ्याकडे बघून हसले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तू पहिल्यापासून असाच," ते म्हणाले. "माझं दुःख बघवत नाही तुला."

"भावोजी, खरं सांगतोय. मी पाय ठेवला होता."

"ठेवायचास तू, मला माहीत नाही का? पण दोन-चार किलो. आणि मी लगेच पकडायचो. अकरा किलोंचा पाय मला कळला नसता होय? इतका आंधळा होतो मी?" त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "माझ्यासाठी असलं खोटं स्वतःवर घेऊ नकोस बाबा. चूक माझी होती, मी ती कबूल केली, झालं. आता त्याचा त्रास नाही मला." आणि ताईकडे वळून कौतुकाने म्हणाले, "ऐकलंस का तुझ्या भावाचं? सख्खा मुलगा करणार नाही एवढं."

मी पुन्हा सांगायला हवं होतं. शपथ घ्यायला हवी होती, पाय धरायला हवे होते, आरडाओरडा करायला हवा होता. मी म्हणालो, "जाऊ द्या, भावोजी." आणि लाज वाटते लिहायला, पण मला हायसं वाटलं. सांगितलं तर सांगितलं, आणि काही बिघडलंही नाही.

भावोजी सालं टाकायला अंगणात गेले. ताई दारातून हलली नव्हती. लहानपणापासून माझ्या सगळ्या थापा तिने ऐकल्या आहेत, त्यामुळे ही थाप नाही हे तिला सांगावं लागलं नाही.

"आणि त्या बाईंना कधी सांगणार आहेस?" तिने विचारलं.

याला आता दोन महिने होतील. तेव्हापासून ताई मला जेवायला वाढते, पण माझ्याशी बोलत नाही. भावोजी तिला समजावतात की एवढ्या चांगल्या भावावर कसला राग धरतेस. बाई अजून शाळेमागच्या त्याच घरात राहतात. मी अजून गेलेलो नाही.